कारणाचा रकाना

सामना रविवारी दुपारी चारला होता. माझ्याकडे मंगळवारची सकाळ, समोरच्या संघाची अकरा रेकॉर्डिंगं आणि एक बॉलपेन होतं.

आधी कामाचं सांगतो, कारण लोकांना ते खोटं वाटतं. फुटबॉल, पण मैदानावरचा नाही, पडद्यावरचा. दोन देशांचे दोन खेळाडू, हातात कंट्रोलर, पडद्यावर बावीस बाहुले. अंगात देशाची जर्सी असते, राष्ट्रगीत वाजतं, लोक तिकीट काढून ओरडायला येतात, आणि तरी नातेवाईक विचारतात, "ते ठीक आहे, पण काम काय करतोस?" प्रत्येक संघाला एक विश्लेषक असतो. समोरचा कसा खेळेल, कुठे चुकेल, आपण कुठून घुसायचं, हे त्याने सामन्याआधी लिहून द्यायचं. आमच्या संघाचा तो माणूस मी.

मला हे कुणी शिकवलेलं नाही. आठ वर्षं मी कंट्रोलर दुरुस्त करत होतो. हजारभर तरी उघडले असतील. हळूहळू झिजेवरून माणूस कळायला लागला. डाव्या स्टिकचं रबर फक्त वरच्या अंगाला गुळगुळीत असेल तर तो नुसता पुढे पळतो, मागचं घर उघडं टाकतो. पासचं बटण बसलेलं आणि शूटचं नवंकोरं असेल तर तो भित्रा. हे मी संघ निवडणाऱ्या संघटनेच्या लोकांना सांगितलं तेव्हा ते हसले, मग तीन सामने माझ्या सांगण्यावरून जिंकले, मग हसायचे थांबले. टीव्हीवर टाय लावून बसणाऱ्यांना विचारा संघ का हरला, तर म्हणतील, मानसिक कणखरता कमी पडली. कणखरता डोंबलाची. त्याची बूड टेकायची खुर्ची दोन इंच खाली होती, हे कुणी बघितलं का?

संघात मला 'मिस्त्री' म्हणतात. आधी टोमणा म्हणून म्हणायचे, आता नाव म्हणून म्हणतात. टोमणा तसाच आहे. खिशात अजून बारीक पेचकस असतो. सवय.

आमचं सरावकेंद्र टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. निळा गालिचा, सहा पडदे, एसीखाली बादली. बादलीत दर नऊ सेकंदांनी थेंब पडतो, मी मोजलंय. माझं टेबल भिंतीकडे तोंड करून. तिथे मी कागदावर लिहितो. कागदावरच, कारण फाइल फुटते. चार रकाने आखायचे: मिनिट, सवय, कारण, उपाय. सवय कुणालाही दिसते. कारण दिसायला डोकं लागतं. म्हणून कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही, हा माझा नियम. कुणाचाही मुलाहिजा ठेवायचा नाही, हा दुसरा. कागद पूर्ण झाला की तेच रेकॉर्डिंग परत लावायचं, एकेका ओळीवर बोट ठेवून ताडायचं आणि पुढे टिक करायची. टिक नसलेला कागद कोच खेळाडूच्या हाती देत नाहीत.

आणि आमची कर्णधार माझी धाकटी बहीण आहे. वशिला म्हणणाऱ्यांनी तिच्याशी एक डाव खेळून बघावा. घरात तिला ठमी म्हणतात. गेल्या वर्षी याच स्पर्धेत, याच देशाविरुद्ध, एकोणनव्वदाव्या मिनिटाला ती हरली. या वेळी हरलात तर कर्णधार बदलू, असं संघटनेने तोंडावर सांगितलं होतं. तिला सत्तावीस पूर्ण झाली होती. या खेळात सत्तावीस म्हणजे म्हातारी, बोटं मंदावतात. पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

तर मंगळवारी मी त्यांच्या कर्णधाराला घेऊन बसलो. रेकॉर्डिंगमध्ये मोठ्या पडद्यावर खेळ दिसतो आणि खालच्या कोपऱ्यात लहान चौकटीत खेळाडू दिसतो, कमरेपासून वर. हा विशीतला, किडकिडीत, जाड काचांचा चष्मा. मी त्याला चष्मेवाला म्हणायचो.

"सर, हे बघा," मी कोचना बोलावलं. कोच पन्नाशीचे, पूर्वी खऱ्या गवतावर खेळलेले, गुडघा गेल्यावर इकडे आलेले. ते जेवतातसुद्धा उभ्याने. "याचा चष्मा सरकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी उजवा हात सोडून वर ढकलतो. तेवढा वेळ याची मधली फळी खांबासारखी उभी."

"किती वेळ?"

"दीड सेकंद."

"दीड सेकंदात काय होतंय मिस्त्री?"

"हे बघा ना. एकतिसावं मिनिट. चष्मा वर, थ्रो पटकन, गोल. तीन-एक जिंकला हा सामना, पण तो एक गोल चष्म्याने खाल्ला."

कोचनी दोनदा बघितलं. "लिही," म्हणाले, आणि हसले. "देशाचं भवितव्य एका स्क्रूवर."

मी लिहिलं. मिनिट एकतीस. सवय: उजवा हात सोडणं. कारण: चष्म्याची सैल दांडी. उपाय: तो हात उचलेल तेव्हा थ्रो लगेच घेणं.

बुधवारी सकाळी ताडायला बसलो. एकतिसाव्या मिनिटाला थ्रो मिळाला, घेतला, मधल्या फळीने अडवला. गोल झाला नाही. मी मागे नेऊन परत बघितलं. चौकटीत तोच माणूस, तोच निळा सदरा, कानाखाली तोच तीळ. चष्मा नव्हता.

चुकीची फाइल लावली, असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. तारीख बघितली, नाव बघितलं, फाइलचा आकार बघितला. शेवटी निकालाची पाटी आली: तीन-शून्य. वहीत माझ्या हाताने लिहिलेलं तीन-एक. मी चित्र थांबवून मोठं केलं. वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्याच्या नाकावर दोन वळ असतात. त्याच्या नाकावर काही नव्हतं. लहान पोरासारखं स्वच्छ नाक.

"सर, चष्मेवाल्याचं जरा येऊन बघता?"

"कोणता चष्मेवाला?"

"अहो, त्यांचा कर्णधार. काल नाही का दाखवलं..."

कोच आले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, यातला चष्मा कुणाला आहे? नंबर तुझाच वाढलाय."

बादलीत थेंब पडला.

कोच थट्टा करत असतील, असं मी दिवसभर धरून चाललो. ते थट्टा करतात. वकील नावाचा आमचा दुसरा खेळाडू, वाद घालतो म्हणून वकील, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मिस्त्री, त्याचे डोळे घारीसारखे आहेत, म्हणूनच तर मार खातो आपण."

ठीक आहे. मग दुसरा कच्चा दुवा. मी गुरुवारची सकाळ शेवटच्या पंधरा मिनिटांवर घालवली. जिंकत असला तरी पंचाहत्तरीनंतर तो चेंडू मागे मागे खेळवायचा. का? चौकटीत त्याच्या मागे एक पांढऱ्या टोपीचा माणूस उभा असायचा, त्यांचा कोच. पंचाहत्तरी झाली की तो पुढे येऊन कर्णधाराच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की पोराचा खेळ आखडायचा. या टोपीवाल्याला आम्ही सगळे ओळखत होतो. त्याच सकाळी कोच त्याच्याकडे बघून म्हणाले होते, "हा आंघोळही टोपी घालूनच करत असणार. तीन स्पर्धा झाल्या, डोकं म्हणून दिसलं नाही."

मी लिहिलं. कारण: मागे उभा असलेला पांढऱ्या टोपीचा माणूस.

दुपारी ताडलं.

कर्णधाराच्या मागे भिंत होती. पंचाहत्तरी, ऐंशी, पंच्याऐंशी. भिंत. तो चेंडू पुढे खेळवत होता, शांतपणे, एकामागून एक. फक्त डाव्या खांद्यावर सदऱ्याला एक चुणी होती, नुकताच कुणीतरी हात उचलल्यासारखी.

मी उठून सूचनाफलकापाशी गेलो. स्पर्धेने पाठवलेली संघांची यादी तिथे टाचली होती. त्यांच्या नावांच्या खाली छापलं होतं: प्रशिक्षक, नाही.

"टोपीवाला?" कोच म्हणाले. तोंडात घास होता. "कुठला टोपीवाला?"

मी भित्रा नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर मूर्ख म्हटलंय. शुक्रवारी सकाळी मी आधी डोळे तपासून घेतले. नंबर तोच निघाला. मग बसून शांत डोक्याने मांडलं. कागदावरचं पुसलं जात नव्हतं, आणि नुसतं लिहिल्याने काही होत नव्हतं. गुरुवारी सकाळी मी टोपीवाल्याचं लिहिलं, त्यानंतर दोन तासांनी वकील त्याच टोपीवाल्याची नक्कल करून सगळ्यांना हसवत होता. मी ताडेपर्यंत तो होता. माझं बोट ओळीवर, नजर पडद्यावर, आणि मग नव्हता. सवय जात नव्हती, आधी कारण जात होतं. कारण गेलं की सवय आपोआप जायची. आणि कुणाला आठवायचं नाही. मला सोडून.

एवढी वर्षं ताडत आलो, असं कधी झालं नव्हतं; खुलासा मला सापडला नाही. अजून नाही. पण एक गोष्ट दुसरी-तिसरीच्या पोरालाही कळली असती. समोरच्या संघाचे दोन कच्चे दुवे मी माझ्या हाताने बुजवले होते. आता तो माणूस दीड सेकंदही थांबत नव्हता आणि शेवटी आखडतही नव्हता. ठमीसमोर रविवारी जो बसणार होता, तो मी तयार केला होता.

मोठ्या सामन्याआधी आमच्याकडे आणखी एक कागद होतो. कोच माझ्याकडून आपल्याच संघाचा कागद लिहून घेतात, जणू तो समोरचा देश आहे. त्याला आम्ही आरसा म्हणतो. शुक्रवारी मी आरसा लिहायला घेतला. पहिली ओळ मला पाठ होती. उंच पास देताना ठमीला अर्धा ठोका उशीर होतो. कारण: उजव्या हाताची तर्जनी. पहिल्या पेऱ्यात वाकडी, पूर्ण मिटत नाही. ती सहा वर्षांची असताना मी रागाने दार आपटलं, तिची बोटं चौकटीत होती. मी अकराचा होतो. तिने माझी कसलीशी गाडी मोडली होती.

मी 'दार' असं लिहिलं आणि गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं. मुद्दाम लावलं, खोटं कशाला बोलू? जे काही होतं ते आमचं एवढं नुकसान करून गेलं होतं, तर एक काम आमचंही करू दे.

पास वेळेवर गेला.

मी धावत आतल्या खोलीत गेलो. ठमी सराव करत होती. "हात दाखव."

"का? नखं कापलीत मी."

"ठमे, हात दाखव."

तिने हात पुढे केला. पाच सरळ बोटं. मी तर्जनी धरून मिटली, उघडली. पूर्वीसारखा कट् आवाज आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल, कारण ती म्हणाली, "दादा, बरं आहे ना तुला?"

"तुझं बोट..."

"काय झालंय बोटाला?"

मी गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. आई मावशीकडे असते.

"आई, ठमीच्या बोटावर मी दार आपटलं होतं ते..."

"अगं बाई, कधी? आत्ता? उद्या-परवा सामना ना तिचा?"

"आत्ता नाही. लहानपणी."

"काहीतरीच. तिला साधं खरचटलंही नाही कधी लहानपणी. तूच पडायचास सारखा."

वीस वर्षं छातीवर होतं ते ओझं एका मिनिटात उतरलं. मी गॅलरीत उभा राहून हसलो. खाली टाइल्सवाला ट्रकमधून खोकी उतरवून घेत होता, त्याने वर बघितलं.

त्या संध्याकाळी घरी ठमी केस विंचरत बसली होती. मी चहा टाकला आणि सहज म्हणालो, "दोन वर्षं मी घालायचो तुझी वेणी. शाळेत पोरी हसायच्या तुला."

"तू? वेणी?" ती खो खो हसली. "तुला बुटाची लेस धड बांधता येत नाही, दादा."

बोट आधी बांधलेलं, मग वाकडं, म्हणून तिला वेणी घालता यायची नाही. आई सकाळी कामावर जायची. म्हणून मी शिकलो होतो. तीन पेड, मधला आधी घट्ट. माझ्या हाताला अजून आठवतं. तिच्या डोक्याला आठवत नव्हतं. दार गेलं, तशा त्या सकाळीही गेल्या होत्या. दार आणि वेणी एकाच खिळ्यावर टांगलेली होती, हे माझ्यासारख्या मोठ्या विश्लेषकाच्या लक्षात आलं नाही.

चहा उतू गेला.

शनिवारी मी आरशाची दुसरी ओळ लिहिली. मिनिट एकोणनव्वद. सवय: अटीतटीच्या वेळी डावीकडे बघते, पाऊण सेकंद. गेल्या वर्षी याच पाऊण सेकंदात चेंडू गेला.

आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

कारण मला माहीत होतं. खेळाडूच्या डावीकडे एक खुर्ची असते. नियमाप्रमाणे संघातल्या एकाला तिथे बसता येतं, बोलता मात्र येत नाही. गेली सात वर्षं त्या खुर्चीत मी बसतो.

कोचनी कागद बघितला. "हे रिकामं का?"

"अजून सापडलं नाही."

"तुला सापडलं नाही?" ते उभ्याउभ्या कागद मांडीवर आपटत होते. "वकिलाच्या आईच्या आजारपणाचं लिहिलंस, तो रडला तरी खोडलं नाहीस. माझ्या दारूचं लिहिलंस. घरचं आलं की पेन वाळतं का रे, मिस्त्री?"

"उद्या भरतो."

"उद्या सामना आहे."

दाराशी ठमी उभी होती. तिने किती ऐकलं, मला माहीत नाही.

रविवारी मी सातलाच सभागृहात गेलो. वायरी बघायच्या होत्या, खुर्चीची उंची बघायची होती. हजार लोकांची जागा, अजून रिकामी. मंचावर दोन टेबलं, दोन पडदे. ठमीची खुर्ची मी दोन इंच वर घेतली. डावीकडची खुर्ची जागेवर होती.

बारा वाजता कोच आले. "घे. झाला पूर्ण. फक्त टिक कर." त्यांनी आरसा माझ्या हातात ठेवला.

कारणाच्या रकान्यात ठमीचं गोल गोल अक्षर होतं.

'दादा. डावीकडे बसतो. चुकले की त्याचं तोंड बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.'

"मुलीत हिंमत आहे," कोच म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्त. कधी ताडतोस?"

"यातलं ताडायचं काय, सर? तिने लिहिलंय ना."

"न ताडलेला कागद मी देत नाही. नियम तुझाच आहे."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. ठरवलं, ताडायचं नाही. रेकॉर्डिंग उघडायचंच नाही. फार तर मी आज खुर्चीत बसणार नाही, मागे कुठेतरी बसेन.

दोन वाजता सरावाचा डाव सुरू झाला. ठमी विरुद्ध वकील. मी ठरवल्याप्रमाणे खुर्चीत बसलो नाही, तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. पहिला गोल खाल्ल्यावर ठमीने डावीकडे बघितलं. खुर्ची रिकामी दिसली, तशी तिची नजर रांगांमध्ये फिरली आणि मला शोधून काढलं. पाऊण सेकंदाचे दोन सेकंद झाले. वकिलाने दुसरा गोल केला.

"मला असं फुकट जिंकवू नकोस गं," वकील म्हणाला, "लाज वाटते."

ती हसली नाही. पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिसरा गोल. मी खांबाआड गेलो. तिने मान वाकडी करून खांबाआड बघितलं.

मी कुठेही बसलो असतो तरी तिने मला शोधलं असतं. सात वर्षं मी चुकीला कपाळाला आठ्या घालून बसत होतो. शाबासकी कधी दिली, मला आठवत नाही. मला वाटायचं, माझ्या आठ्यांनी ती घडतेय.

डाव संपला. चार-शून्य. ठमी कंट्रोलर टेबलावर ठेवून नुसती बसली होती. सरळ, सुंदर तर्जनीने टेबलाची कड खरवडत होती.

मी मंचाच्या मागच्या खोलीत गेलो. संगणक उघडला. कागद पसरला. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं.

पंच्याऐंशी.

कोच दारात येऊन उभे राहिले. "शाब्बास, मिस्त्री."

सत्त्याऐंशी. चौकटीत ठमी, दात ओठांवर. तिच्या डावीकडे माझा खांदा, माझा कान. दिसत होता. मी नीट बघून घेतलं.

अठ्ठ्याऐंशी.

मी ओळीवर बोट ठेवलं.

एकोणनव्वद.

तिने समोर बघितलं. फक्त समोर. डावीकडे खुर्ची होती, आणि खुर्चीवर कुणाचं तरी जाकीट टाकलेलं होतं.

मी बॉलपेन घेऊन टिक केली.

"कोण आहे तिकडे?" कोच म्हणाले. आवाज तोच, पण त्यात ओळख नव्हती. "अहो, या खोलीत यायची परवानगी नाही. इकडे कुणी सोडलं तुम्हाला?"

मी गळ्यातला पास दाखवायला हात घातला. गळ्यात काही नव्हतं.

बोळात ठमी समोरून येत होती. ताठ, मोकळी, खांदे सैल सोडलेले. असं चालताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिने वेणी घातली होती, घट्ट, तीन पेडांची. माझ्याकडे बघून हसली, अनोळखी माणसाला वाट देताना हसतात तसं.

"जरा बाजूला होता का, काका?"

मी बाजूला झालो.

कोचनी बोलावलेला पहारेकरी चांगला माणूस होता. त्याने माझा दंड धरला नाही, फक्त बरोबर चालत फाटकापर्यंत आला. मी आईला फोन लावला. "कोण बोलतंय?" आई म्हणाली, आणि मी नुसतं "आई" म्हणालो तेव्हा, "नंबर चुकलाय बहुतेक," असं म्हणून हळूच ठेवून दिला.

फाटकाबाहेर, तिकीटखिडकीच्या बाजूला सिमेंटचा बाक आहे. आतला सामना दाखवायला भिंतीवर पडदा लावला होता. त्या बाकावर पांढऱ्या टोपीचा माणूस बसला होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. सरकून जागा केली.

आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बसून राहिलो. पडद्यावर त्यांचा कर्णधार आणि आमची कर्णधार, दोघंही तोडीस तोड, कुणी कुठे चुकत नव्हतं. एक-एक. उन्हाची तिरीप बाकावरून सरकत त्याच्या बुटांवर आली. एकोणनव्वदाव्या मिनिटाला ठमीने समोर बघितलं आणि उंच पास दिला. वेळेवर. मग भिंतीपलीकडून जल्लोष ऐकू आला. पडद्यावर ती उठली, दोन्ही हात वर केले आणि वकिलाला मिठी मारली. डावीकडची खुर्ची धक्क्याने मागे पडली. कुणी उचलली नाही.

टोपीवाल्याने माझ्या कोपराला बोट लावलं. त्याच्या दुसऱ्या हातात जाड काचांचा चष्मा होता, एक दांडी लोंबणारी. तो अंगठ्याच्या नखाने स्क्रू फिरवायचा प्रयत्न करत होता. त्याने दोन बोटं हवेत फिरवून दाखवली.

खिशात पेचकस होता. मी स्क्रू घट्ट केला, दांडी दोनदा उघडमीट करून बघितली आणि चष्मा त्याला परत दिला. त्याने तो टोपीला पुसून नीट मांडीवर ठेवला.

मग मी बाकाच्या कडेला हात टेकला. सिमेंट गुळगुळीत लागलं. मी वाकून बघितलं. झीज मला वाचता येते. या बाकावर पुष्कळ माणसं बसून गेली होती, फार काळ बसली होती, आणि सगळीच फाटकाकडे तोंड करून.